नव्या लिनक्स सर्व्हरवर पायथन बसत नाही? आधी घड्याळ बघा

जिनिंगच्या काट्याचा, दूध संकलनाचा किंवा शेतकरी गटाच्या तूर-सोयाबीन खरेदीचा हिशोब ठेवायला जुना डेस्कटॉप पुसून त्यावर उबंटू सर्व्हर, म्हणजे लिनक्सचाच एक प्रकार, टाकलेला असतो. लॉगिन होतं. आता पायथनवर चालणारा प्रोग्राम चढवायचा, तर दुसऱ्या-तिसऱ्या कमांडलाच एरर येतो. मग पायथन काढ, पुन्हा टाक, हे संध्याकाळपर्यंत चालतं आणि त्या नादात धड असलेली मशीनही बंद पडते. पायथन स्वतः क्वचितच बिघडलेलं असतं. बिघाड असतो तो त्याच्या भोवती: घड्याळात, नेटमध्ये, डिस्कवरच्या जागेत, नाहीतर मधेच गेलेल्या लाईनमध्ये. म्हणून खालचा क्रम तसाच ठेवा, उड्या मारू नका.

हे काम बहुधा दोघं मिळून करतात. एक जण दारव्हा किंवा राळेगावकडच्या गावात मशीनसमोर बसलेला असतो आणि दुसरा नागपूर-अमरावतीहून फोनवर सांगत असतो. म्हणून कमांड इथे फोनवर वाचून दाखवता येतील अशा, उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत. टाइप करताना रोमन लहान अक्षरं आणि इंग्रजी अंक वापरा. मोठं अक्षर लागतं तिथं तसं सांगितलं आहे. आडवी रेघ म्हणजे डॅश. फोनवर 'डॅश' आणि 'स्पेस' हे दोन शब्द मोठ्याने म्हणा, निम्म्या चुका तिथेच होतात.

पायथन आधीच आहे का?

एप्रिल २०२४ मध्ये आलेल्या उबंटू २४.०४ सोबत पायथन ३.१२ येतं, २२.०४ सोबत ३.१० आणि डेबियन १२ (उबंटूसारखंच आणखी एक लिनक्स) सोबत ३.११. तरीही 'पायथन' टाइप केलं की मशीन सांगते, कमांड सापडली नाही. कारण इथे तिचं नाव आहे:

पायथन३ --व्हर्जन

पायथन २ चा आधार १ जानेवारी २०२० ला संपला, पण जुनी आणि नवी आवृत्ती शेजारी शेजारी नांदत होती त्या काळातला नावातला '३' तसाच राहिला. नुसतं 'पायथन' लिहिण्याची सवय मोडत नसेल तर 'पायथन-इज-पायथन३' या नावाचं पॅकेज टाका, ते फक्त नाव जोडून देतं. आवृत्ती दिसली आणि तुमच्या प्रोग्रामला तेवढी पुरत असेल, तर पायथन 'इन्स्टॉल' करायचं कामच उरलं नाही. सरळ व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटच्या भागाकडे जा. मात्र त्याआधी घड्याळ आणि नेट तपासाच, कारण पुढचे अर्धे एरर तिथूनच येतात.

लाईन

पॅकेज बसत असताना लाईन गेली तर फाइली अर्धवट राहतात. घरगुती इन्व्हर्टर असेल तर त्याच्या मागच्या बाजूला बहुधा एक बटण असतं, नॉर्मल आणि यूपीएस. ते यूपीएसवर ठेवा. नॉर्मलवर पंखा-बल्ब चालतात, पण बदल व्हायला लागणाऱ्या त्या क्षणात संगणक बंद पडतो. बायोसमध्ये, म्हणजे मशीन सुरू होताना उघडता येणाऱ्या सेटिंगमध्ये, 'एसी पॉवर लॉस' नंतर काय करायचं ही सेटिंग 'ऑन' करा, म्हणजे लाईन आल्यावर मशीन आपोआप उठेल, कोणाला कुलूप उघडायला धावावं लागणार नाही. आणि मशीन कुलरच्या झोताबाहेर ठेवा. मे महिन्यात कुलरची दमट हवा आणि बाहेरची धूळ दोन्ही कॅबिनेटमध्ये जाऊन बसतात, रॅमच्या पट्ट्यांचे संपर्क काळे पडतात. मग इन्स्टॉल करताना येणारे एरर दर वेळी वेगळे असतात. दर वेळी वेगळा एरर दिसला की सॉफ्टवेअर सोडा, आधी रॅम काढून पुसून बसवा.

घड्याळ

टाइमडेटसीटीएल

एवढीच कमांड द्या आणि तारीख वाचा. वेळ नंतर, आधी तारीख, तीही वर्षासकट. जुन्या डेस्कटॉपच्या मदरबोर्डवर रुपयाच्या नाण्याएवढा चपटा सेल असतो. त्याचं नाव सीआर २०३२, म्हणजे २० मिलिमीटर व्यास आणि ३.२ मिलिमीटर जाडी. मशीन बंद असताना घड्याळ तो चालवतो. नवा सेल ३ व्होल्टचा. गावातल्या मोटार वाइंडिंगवाल्याच्या मल्टिमीटरवर २.७ च्या खाली दिसला तर बदला. सेल संपला की लाईन गेल्यागेल्या घड्याळ मागच्या कुठल्यातरी वर्षात जाऊन बसतं.

त्याचा पायथनशी संबंध असा. उबंटूच्या पॅकेजांच्या यादीवर तारीख असते, आणि पिप, म्हणजे पायथनची पॅकेजं आणणारा प्रोग्राम, ज्या साइटवरून सामान आणतो तिच्या सर्टिफिकेटलाही अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत अशी मुदत असते. तुमच्या मशीनच्या मते आज जुनं वर्ष असेल, तर ती यादी उद्याची ठरते आणि सर्टिफिकेट अजून सुरूच झालेलं नसतं. मग एपीटी, म्हणजे उबंटूची पॅकेजं टाकणारा प्रोग्राम, म्हणतो 'रिलीज फाइल इज नॉट व्हॅलिड येट', पिप म्हणतो 'सर्टिफिकेट व्हेरिफाय फेल्ड'. दुसरा संदेश वाचून लोक सर्टिफिकेटची तपासणीच बंद करून टाकतात. ते करू नका. तुम्ही कुणाकडून फाइल घेताय हे मग मशीनला कळतच नाही.

दुरुस्ती ('सुडो' म्हणजे मशीनच्या मुख्य खात्याच्या अधिकाराने कमांड चालवणं):

सुडो टाइमडेटसीटीएल सेट-टाइमझोन एशिया/कोलकाता
सुडो टाइमडेटसीटीएल सेट-एनटीपी ट्रू

एशियाचा 'ए' आणि कोलकात्याचा 'के' मोठा. मिनिटभर थांबून पुन्हा टाइमडेटसीटीएल बघा, 'सिस्टम क्लॉक सिंक्रोनाइज्ड' समोर 'येस' हवं. 'नो' राहिलं तर नेट नाही, नाहीतर तुमच्या नेटवर्कवर यूडीपीचा १२३ नंबरचा पोर्ट अडवलेला आहे. अशा वेळी सेट-एनटीपी फॉल्स करून 'सेट-टाइम' ने तारीख-वेळ हाताने घाला: आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, मधे डॅश.

तारीख बरोबर, पण वेळ नेमकी साडेपाच तास पुढे, असं दिसलं तर सेल चांगला आहे. त्या डब्यात आधी विंडोज होतं. विंडोज मदरबोर्डच्या घड्याळात भारतीय वेळ लिहितं, लिनक्स तीच वेळ जागतिक समजून वर साडेपाच तास मिळवतं. वरच्या दोन कमांडनी तेही जागेवर येतं.

भाड्याने घेतलेला क्लाउड सर्व्हर असेल तर हा भाग वगळा, तिथे घड्याळ बहुधा बरोबरच असतं.

नेट: आधी आकडा, मग नाव

पिंग -सी ४ १.१.१.१
पिंग -सी ४ पायपीआय.ओआरजी

दोन्ही चालल्या तर पुढे जा. पहिली चालली, दुसरी नाही, तर नेट आहे पण नावाचा पत्ता लागत नाही. त्यालाच एपीटी 'टेम्पररी फेल्युअर रिझॉल्व्हिंग' म्हणतो. पहिलीच चालली नाही तर पायथनपर्यंत पोचायचंच नाही, आधी नेट आणा.

गावात नेट म्हणजे बहुधा मोबाइल. फोन यूएसबीने जोडून टेदरिंग चालू केलं तरी उबंटू सर्व्हर ते नेट आपणहून घेत नाही, डेस्कटॉप उबंटू घेतं. लोक इथे फसतात. 'आयपी -बीआर ए' दिलं की नवं नाव दिसतं, 'यूएसबी०' किंवा 'ईएनएक्स' पासून सुरू होणारं लांबलचक. तेच नाव /ईटीसी/नेटप्लॅन मधल्या फाइलमध्ये 'इथरनेट्स' च्या खाली घाला आणि त्याच्या खाली, आणखी दोन स्पेस आत, 'डीएचसीपी४: ट्रू' लिहा. आधीच्या कार्डाची नोंद तिथे असतेच, तिचा साचा बघून लिहा. टॅबची कळ दाबायची नाही, स्पेसच द्यायची. टॅब दिसत नाही, पण नेटप्लॅनला चालत नाही. मग:

सुडो नेटप्लॅन ट्राय

नुसता 'अप्लाय' नको. 'ट्राय' नंतर तुम्ही एंटर दाबलं नाही तर १२० सेकंदांनी जुनी सेटिंग परत येते. लांबून एसएसएचने (दुसऱ्या मशीनवरून नेटने लॉगिन करून) काम करत असाल तर हीच कमांड तुम्हाला एसटीचा प्रवास वाचवते. नावाचा पत्ता लागत नसेल तर याच फाइलमध्ये 'नेमसर्व्हर्स' खाली १.१.१.१ किंवा ८.८.८.८ घाला. /ईटीसी/रिझॉल्व्ह.कॉन्फ हाताने बदलू नका, ती फाइल सिस्टम स्वतः बनवते, तुमचा बदल पुसला जाईल.

मोबाइल नेटवर आणखी एक प्रकार घडतो. एपीटी शून्य टक्क्यांवर अडकून राहतो आणि ज्या पत्त्याशी जोडतोय तो कोलन घातलेला लांब दिसतो. तो आयपीव्ही६ चा पत्ता. तेव्हा जुन्या पत्त्यांवरून जायला सांगा:

सुडो एपीटी -ओ ॲक्वायर::फोर्सआयपीव्ही४=ट्रू अपडेट

इथे ॲक्वायरचा 'ए', फोर्सचा 'एफ', आणि 'आय', 'पी' मोठे, 'व्ही' लहान.

दिवसाचा पॅक संपला की वेग बहुधा ६४ केबीपीएसवर येतो. नेट आहे असं दिसतं, पिंगही चालतं, पण पिप १५ सेकंद वाट बघून 'रीड टाइम्ड आउट' म्हणतो. तेव्हा कमांडला '--टाइमआउट १०० --रिट्राइज १०' जोडा. एपीटीचं एक बरं आहे, तो अर्धं उतरवलेलं जपून ठेवतो, पुढच्या वेळी तिथूनच सुरू करतो.

एसएसएचवरून काम करत असाल तर आधी 'टीमक्स' उघडा: टी, एम, यू, एक्स ही चार अक्षरं. रेंज गेली तरी आतलं काम सुरू राहतं, परत जोडून 'टीमक्स अटॅच' दिलं की जिथे होता तिथे. टीमक्सशिवाय रेंज गेली तर इन्स्टॉल अर्ध्यातच मरण्याची शक्यता मोठी.

एपीटी म्हणतो कुलूप आहे

नवी मशीन पहिल्यांदा नेटला लागली की ती पाठीमागे स्वतःची सुरक्षा अपडेट उतरवू लागते. तुम्ही काही टाकायला गेलात की 'कुड नॉट गेट लॉक' येतं, आणि त्याच ओळीत कुणी धरलंय तेही लिहिलेलं असतं: 'अनअटेंडेड-अपग्र'. उपाय म्हणजे चहा. पंधरा मिनिटं, स्लो नेटवर तासभरही. ती लॉक फाइल पुसायला सांगणारा सल्ला सगळीकडे सापडतो, तो ऐकू नका. कुलूप तोडून दोघं एकाच खातेवहीत लिहू लागले तर काय होतं ते वेगळं सांगायला नको.

लाईन जाऊन काम अर्धवट राहिलं असेल तर मात्र:

सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए
सुडो एपीटी -एफ इन्स्टॉल

जागा

डीएफ -एच /

पाचशे जीबीची डिस्क आणि इथे फक्त शंभर जीबी दिसतात? डिस्क खराब नाही. उबंटू सर्व्हरचा इन्स्टॉलर एलव्हीएम (डिस्कची जागा वाटून देणारी व्यवस्था) वापरताना सगळी जागा देत नाही. २० ते २०० जीबीच्या डिस्कवर तो निम्मीच देतो, त्याहून मोठीवर १०० जीबी. लहान एसएसडीवर हेच 'नो स्पेस लेफ्ट' चं कारण ठरतं. उरलेली जागा घ्यायची कमांड:

सुडो एलव्हीएक्सटेंड -आर -एल +१००%फ्री /डेव्ह/उबंटू-व्हीजी/उबंटू-एलव्ही

इथे 'फ्री' ची चारही अक्षरं मोठी, '-आर' आणि '-एल' लहान. चालू मशीनवर होतं, बंद करावी लागत नाही.

आता पायथनचं खरं काम

'पिप इन्स्टॉल' दिलं आणि 'एक्स्टर्नली मॅनेज्ड एन्व्हायर्नमेंट' असा एरर आला, तर तो बिघाड नव्हे, ती पाटी आहे. मशीनमधलं पायथन हे सिस्टमचं स्वतःचं आहे. नेटप्लॅन, फायरवॉलचं यूएफडब्ल्यू, आपोआप अपडेट करणारा प्रोग्राम, सगळे त्याच्यावर चालतात. तुम्ही तिथे वेगळ्या आवृत्तीचं पॅकेज कोंबलं तर त्यातलं एखादं बंद पडेल. म्हणून डेबियन १२ आणि नव्या उबंटूने तो दरवाजा लावून घेतला. संदेशातच '--ब्रेक-सिस्टम-पॅकेजेस' हा मार्ग लिहिलेला असतो. नावातच 'ब्रेक' आहे, त्यावरून समजा.

त्याऐवजी प्रोग्रामसाठी वेगळी खोली करा, म्हणजे व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट. तिचं छोटं नाव व्हेन्व्ह, अक्षरं व्ही, ई, एन, व्ही.

सुडो एपीटी इन्स्टॉल पायथन३-व्हेन्व्ह
एमकेडीआयआर ~/हिशोब
सीडी ~/हिशोब
पायथन३ -एम व्हेन्व्ह व्हेन्व्ह
सोर्स व्हेन्व्ह/बिन/ॲक्टिव्हेट

'हिशोब' च्या जागी तुमच्या फोल्डरचं नाव. पहिली ओळ गाळली तर चौथीला 'एन्शुअरपिप इज नॉट अव्हेलेबल' येतं, कारण डेबियन-उबंटूने तो तुकडा वेगळ्या पॅकेजात ठेवलाय. पॅकेज टाकलं की अर्धवट बनलेलं व्हेन्व्ह फोल्डर पुसा आणि चौथी ओळ पुन्हा द्या. शेवटच्या ओळीनंतर कर्सरच्या आधी कंसात व्हेन्व्ह हे नाव दिसतं. दिसलं तरच पुढे 'पिप इन्स्टॉल' द्या.

चौथ्या ओळीत सुडो लावायचा नाही, आणि पिपला तर कधीच नाही. लावला की फोल्डर रूटच्या, म्हणजे मुख्य खात्याच्या, मालकीचं होतं आणि उद्या तुमचाच प्रोग्राम 'परमिशन डिनाइड' म्हणत बसतो. झालंच असेल तर:

सुडो सीएचओन -आर $युजर ~/हिशोब

इथे '-आर' चा आर मोठा आणि 'युजर' ची चारही अक्षरं मोठी. आणि रोज लॉगिन केल्यावर ॲक्टिव्हेटची ओळ पुन्हा द्यावी लागते. 'काल चालत होतं, आज मॉड्यूल सापडत नाही' या तक्रारीमागे बहुधा एवढंच असतं.

पिप लांबलचक लाल मजकूर ओकतो तेव्हा

शेवटची ओळ वाचू नका. ती नेहमी तीच असते, काहीतरी फेल झालं. वर सरकत जा आणि 'एरर' हा शब्द पहिल्यांदा जिथे येतो ती ओळ वाचा.

तिथे 'पायथन.एच' नावाची फाइल नाही असं असेल, तर पॅकेज सी भाषेतून इथेच तयार व्हायला बघतंय आणि सामान नाही. 'बिल्ड-इसेन्शियल' आणि 'पायथन३-डेव्ह' टाका. 'पीजी_कॉन्फिग' सापडत नाही असं असेल तर पोस्टग्रेसचं 'लिबपीक्यू-डेव्ह' हवं, म्हणजे एल, आय, बी, पी, क्यू.

ओळ फक्त 'किल्ड' एवढीच असेल, बाकी काहीच नाही, तर रॅम संपली आणि कर्नलने तो प्रोग्राम मारला. 'सुडो डीमेसेज' (डी, एम, ई, एस, जी) च्या शेवटी 'आउट ऑफ मेमरी' दिसतं. भाड्याच्या ५१२ एमबी किंवा १ जीबीच्या सर्व्हरवर हे हमखास होतं, कारण तिथे सहसा स्वॅप, म्हणजे रॅम कमी पडली की वापरायची डिस्कवरची जागा, नसतं. 'फ्री -एच' मध्ये स्वॅपसमोर शून्य असेल तर २ जीबी द्या:

सुडो एफअलोकेट -एल २जी /स्वॅपफाइल
सुडो सीएचमॉड ६०० /स्वॅपफाइल
सुडो एमकेस्वॅप /स्वॅपफाइल
सुडो स्वॅपऑन /स्वॅपफाइल

'२जी' चा जी मोठा. रीबूटनंतरही हवं असेल तर /ईटीसी/एफएसटॅब मध्ये '/स्वॅपफाइल नन स्वॅप एसडब्ल्यू ० ०' ही ओळ घाला. फाइलच्या शेवटी, बाकी ओळींना हात न लावता.

दुसरी आवृत्ती हवीच असेल तर

प्रोग्राम ३.११ मागतोय आणि मशीनवर ३.१२ आहे. आधी ३.१२ वर चालवून बघा, बहुतेक वेळा चालतं. नाहीच चाललं तर उबंटूवर 'डेडस्नेक्स' नावाचा पीपीए, म्हणजे उबंटूच्या यादीबाहेरचा पॅकेजांचा साठा, आहे, त्यातून ३.११ शेजारी बसतं. डेबियनवर तो वापरू नका, तो उबंटूसाठी बांधलेला आहे.

पायथन सोर्समधून, म्हणजे मूळ कोडमधून, बांधणार असाल तर आधी एलआयबीएसएसएल-डेव्ह, झेडलिब१जी-डेव्ह, एलआयबीएफएफआय-डेव्ह आणि एलआयबीएसक्यूलाइट३-डेव्ह टाका. ही नसली तरी बांधणी 'यशस्वी' होते, मधल्या गर्दीत एक ओळ सांगून जाते की अमुक मॉड्यूल बनली नाहीत, आणि ती कोणी वाचत नाही. नंतर पिप 'एसएसएल मॉड्यूल इज नॉट अव्हेलेबल' म्हणतो, तेव्हा सगळं पुन्हा. शेवटी 'मेक इन्स्टॉल' नाही, 'मेक ऑल्टइन्स्टॉल'. तो पायथन३ या नावाला हात लावत नाही.

त्या नावालाच तर जपायचं आहे. /यूएसआर/बिन/पायथन३ ही खरी फाइल नसून पायथन३.१२ कडे बोट दाखवणारी लिंक आहे. ती फिरवली की काही दिवसांनी एपीटी 'नो मॉड्यूल नेम्ड एपीटी_पीकेजी' म्हणू लागतो. पूर्ववत करायला:

सुडो एलएन -एसएफ पायथन३.१२ /यूएसआर/बिन/पायथन३

'सुडो एपीटी रिमूव्ह पायथन३' हे मात्र असं मागे घेता येत नाही. एपीटी आधी काढायच्या पॅकेजांची यादी दाखवतो, त्यात नेटप्लॅनही असतं. 'वाय' दाबलंत तर पुढच्या रीबूटनंतर नेट न येण्याची भीती असते, आणि नेट नसलं की पॅकेज परत आणता येणार नाही. पेनड्राइव्ह घेऊन कोणाला तरी गावी जावं लागेल.

पेनड्राइव्हवरून

गावात नेट अगदीच नसेल तर तालुक्याच्या गावी, तीच उबंटू आवृत्ती असलेल्या मशीनवर सामान उतरवा:

पिप डाउनलोड -डी सामान -आर रिक्वायरमेंट्स.टीएक्सटी

इथे दोन्ही पर्यायांची अक्षरं लहान. 'सामान' हे फोल्डर रोमनमध्ये लिहून, रिक्वायरमेंट्सच्या (लागणाऱ्या पॅकेजांची यादी असलेल्या) फाइलसकट पेनड्राइव्हवर घ्या. सर्व्हरवर, व्हेन्व्ह चालू असताना:

पिप इन्स्टॉल --नो-इंडेक्स --फाइंड-लिंक्स सामान -आर रिक्वायरमेंट्स.टीएक्सटी

'नो मॅचिंग डिस्ट्रिब्यूशन फाउंड' आलं तर दोन मशीनवरच्या पायथनच्या आवृत्त्या वेगळ्या आहेत. ३.१० साठी उतरवलेलं ३.१२ ला चालतंच असं नाही. विंडोजवर उतरवलेल्या फाइलींचंही तेच.

शेवटी तपासणी, व्हेन्व्हच्या आत:

पायथन -सी "इम्पोर्ट एसएसएल, एसक्यूलाइट३; प्रिंट('कापूस')"

'कापूस' हा शब्द मात्र खरोखर मराठीतच टाइप करा. उत्तरात तो आला तर तिन्ही गोष्टी जागेवर आहेत. एसएसएचच्या खिडकीत तो दिसला आणि सर्व्हरच्या स्वतःच्या काळ्या पडद्यावर चौकोन आले, तर पायथन ठीक आहे, त्या पडद्याच्या फॉन्टमध्ये देवनागरी नाही. मग 'सुडो रीबूट', आणि मशीन उठल्यावर टाइमडेटसीटीएल पुन्हा एकदा. नंतर कॅबिनेटच्या बाजूला कागद चिकटवा: उबंटूची आवृत्ती, पायथनची आवृत्ती, व्हेन्व्हचं फोल्डर, आणि सेल कोणत्या महिन्यात बदलला.